गल्ला किती फुटांवर होता?

एम.कॉम.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्प करावा लागतो. 2023 च्या उन्हाळ्यात मला विषय मिळाला तो हॉटेलात काम करणाऱ्यांच्या समाधानाचा. ते कशाने वाढतं, कशाने घटतं, हे शोधायचं. हिंगोली जिल्ह्यातल्या पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, आकडे मांडायचे आणि निष्कर्ष लिहायचे. मी हिंगोलीतच वाढले, पण हॉटेलात गेले असेन ती औंढ्याला नागनाथाचं दर्शन झाल्यावर, घरच्यांबरोबर, पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये. ताट आणून ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. तरीही विषय मला सोपा वाटला. हॉटेल तर रोज दिसतं.

सरांनी एक नमुना दिला होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1967 साली तयार झालेली, वीस मुद्द्यांची प्रश्नावली. प्रत्येक मुद्द्यापुढे पाच घरं. ही पाच घरांची पद्धत रेन्सिस लिकर्टने 1932 साली काढली, म्हणून तिला लिकर्टची मोजपट्टी म्हणतात. मी तिचं नाव 'पाच पायऱ्यांची शिडी' असं केलं. त्या मुद्द्यांवरून माझे प्रश्न मराठीत करायला चार दिवस लागले. 'जॉब सॅटिस्फॅक्शन'चं 'कार्यसमाधान' केलं, 'रिस्पॉन्डंट'चं 'प्रतिसादक'. 'टर्नओव्हर' म्हणजे 'उलाढाल' आणि 'हायजीन' म्हणजे 'स्वच्छता', या दोन शब्दांसाठी तर शब्दकोश उघडायचीही गरज वाटली नाही. छापील कागद आईला दाखवला. तिने वरची ओळ वाचली आणि विचारलं, "कुणाकडचं कार्य आहे?" आमच्याकडे कार्य म्हणजे लग्न. पन्नास प्रतींवरचा तो शब्द मी पेनने खोडला आणि वर लिहिलं, 'कामातलं समाधान'.

पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता नांदेड-अकोला रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेले. वेळ मुद्दाम निवडली होती, कारण तेव्हा सगळे कामावर असणार. हळदीचा सीझन होता. मार्केट यार्डात हळद घालून आलेले शेतकरी, ट्रकवाले, एसटीतून उतरलेली माणसं, एकही टेबल रिकामं नव्हतं. चौघांच्या टेबलावर मी एकटी फाइल पसरून बसले. वेटर दोनदा येऊन पाणी ठेवून गेला. तिसऱ्यांदा त्याने हळूच विचारलं, "ताई, जेवण करता का?" मी म्हटलं, मला माहिती भरून घ्यायची आहे. तो म्हणाला, "मग टेबल सोडता का? माणसं उभी हायेत." मी उठले. कधी येऊ विचारलं तर म्हणाला, "चार वाजता. आमी जेवतो तव्हा." दुपारभर दुसऱ्यांना वाढणारा माणूस स्वतः चार वाजता जेवतो, हे मला बावीस वर्षांच्या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी आधी मालकांना भेटले. सगळे त्यांना शेठ म्हणत होते, म्हणून मीही शेठ म्हटलं. जुनी माणसं सोडून किती जातात आणि नवी किती येतात, हे मला विचारायचं होतं. या येण्याजाण्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकात 'टर्नओव्हर' म्हणतात. मी कागदावरचा प्रश्न वाचला, "आपल्या हॉटेलची वार्षिक उलाढाल किती?" शेठनी समोरची वही मिटून गल्ल्यात ठेवली. "कोणत्या ऑफिसातून आलात?" मी कॉलेजचं पत्र काढलं, ओळखपत्र काढलं, वडील कुठे नोकरीला आहेत तेही सांगितलं. त्यांचा चेहरा सैल व्हायला अर्धा तास गेला. मग मात्र त्यांनी चहा मागवला आणि पोरांना एकेक करून गल्ल्यापाशी बोलावलं. "ताई काय विचारतेत ते सांगा."

तासाभरात पोरांच्या प्रती भरल्या. पगार समाधानकारक आहे का, वरिष्ठांची वागणूक कशी, सुटी मिळते का, सगळ्या प्रश्नांना पाचवी पायरी. 'अत्यंत समाधानी.' मी खूश होऊन त्या प्रती सरांपुढे ठेवल्या. त्यांनी तीन-चार चाळल्या आणि एवढंच विचारलं, "गल्ला किती फुटांवर होता?" मी हाताने अंतर दाखवलं. ते अंतर माझ्या दोन हातांत मावत होतं. त्या सगळ्या प्रती रद्द झाल्या.

मग चार वाजता जायला लागले. स्वयंपाकघरामागे पत्र्याच्या सावलीत उलट्या ठेवलेल्या क्रेटांवर सगळे जेवायला बसत. मी कागद बाहेर काढलाच नाही, आधी नुसती बसले. तिसऱ्या दिवशी त्या पहिल्या वेटरने आपणहून विचारलं, "ताई, त्या दिवशी आमी काय लिवलं?" मी सांगितलं, सुटी मिळते का या प्रश्नापुढे सगळ्यांनी पाचवी पायरी लिहिलीय. तो म्हणाला, "मिळती की. खाडा केला की मिळती." खाडा म्हणजे कामावर न जाणं आणि त्या दिवसाचा रोज कापला जाणं. घरी शेतात माणूस लावला तर आई खाडे मोजते, तो शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. पण माझ्या प्रश्नावलीत एकच शब्द होता, सुटी. त्याच्या हिशेबात सुटी अशी गोष्टच नव्हती, होता तो फक्त खाडा. प्रश्न चुकीचा असला की खरं बोलणाऱ्या माणसाचं उत्तरही खोटं ठरतं, हे मी त्या क्रेटवर शिकले.

घरी येऊन मी कायदा शोधला. महाराष्ट्रात 1948 चा दुकानांचा आणि आस्थापनांचा कायदा होता, त्याच्या जागी 2017 साली नवा आला. त्यात तेव्हा होतं: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आठवड्यातून एक दिवस सुटी, जादा कामाला दुप्पट मोबदला, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. वाचून मी फार आनंदले. मग दिसलं की त्या कायद्याने रेघ तेव्हा दहा माणसांवर आखली होती. दहापेक्षा कमी माणसं असली तर यातलं बहुतेक काही लागू नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वेटरला विचारलं, इथे किती जण आहेत? त्याने बोटांवर मोजून सांगितलं, नऊ. मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. चुलीसमोर दोन बायका भाकरी थापत होत्या. "आणि या?" तो म्हणाला, "त्या भाकरीवरच्या हायेत."

त्यांतल्या थोरल्या मावशींपाशी जाऊन बसले. मी प्रश्नावली काढली तर त्या म्हणाल्या, "मला नको विचारू माय. मी हॉटेलात न्हाई, मी भाकरीवर हाय." सकाळी दहाला येतात, रात्री गिऱ्हाईक असेपर्यंत असतात. रोजावर. काटवटीत पीठ घेतलं की पाणी घालायच्या आधी चिमटीत धरून बघतात. जुनं असलं तर म्हणतात, "जिगी गेली याची," म्हणजे चिकटपणा गेला, आणि त्या पिठाला गरम पाणी घेतात. भाकरी थापताना दोन्ही हात असे फिरतात की भाकरी आपली आपण गोल होतेय असं वाटतं. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग जाळापुढे उभी केली की टम्म फुगते. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत त्यांना भाजल्याच्या आडव्या रेघा होत्या, काही जुन्या पांढऱ्या, दोन ताज्या. इतके दिवस मी या हॉटेलात येत होते, इथल्या भाकरीचं नाव सगळ्या रस्त्यावर आहे, आणि पन्नास जणांच्या माझ्या यादीत भाकरी करणारी एकही बाई नव्हती. यादी मी स्वतः केली होती. 'वेटर, आचारी, व्यवस्थापक, सफाई कामगार' एवढी चारच घरं तिच्यात होती. त्या रात्री पाचवं घर आखलं.

आता स्वच्छतेची गोष्ट. पुस्तकात वाचलं होतं की समाधानात 'हायजीन फॅक्टर' फार महत्त्वाचे असतात. म्हणून मी स्वच्छतेवर पाच प्रश्न घातले होते. मोरीवर भांडी घासणाऱ्या मामांना विचारलं, इथल्या स्वच्छतेबद्दल तुम्ही समाधानी आहात का? त्यांनी पाय पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सुटली होती. दिवसभर साबणाच्या पाण्यात उभं राहावं लागतं, मोरीचं पाणी तुंबतं, गमबूट मागितले होते ते आले नाहीत. मावशींनी आतून सांगितलं की बायकांना जायला जागा नाही, म्हणून त्या दुपारी पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात, चुलीसमोर, पाणी पीत नाहीत. हे मी जसंच्या तसं लिहून सरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की फ्रेडरिक हर्झबर्गच्या सिद्धांतातल्या हायजीनचा केरवाऱ्याशी काही संबंध नाही. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या ठिकाणची स्थिती या गोष्टी नीट नसतील तर माणूस नाराज होतो, पण नीट असल्या म्हणून खूश होतोच असं नाही. रोगराई हटवल्याने आजार टळतो, अंगात बळ येत नाही, तसं काहीसं. त्या अर्थाने तो शब्द आहे. माझं भाषांतर साफ चुकलं होतं. पण ते पाच चुकीचे प्रश्न मी काढले नाहीत. बरोबर भाषांतर केलं असतं तर मामांनी पाय दाखवले नसते.

हर्झबर्गचं पुस्तक 1959 चं. त्याने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं होतं. वेटर नव्हतेच त्यात. पण त्याची विचारण्याची रीत मला आवडली. पायऱ्या नाहीत, घरं नाहीत. कामावर फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं तो सांगा, एवढंच. मी तेच करून पाहिलं. वेटरने जरा वेळ घेतला. मग सांगितलं की एकदा रात्री अकराला नरसीहून आलेली यात्रेकरूंची बस थांबली, नामदेव महाराजांचं दर्शन करून निघालेली चाळीस-पंचेचाळीस माणसं, त्यांत म्हातारी माणसं, लेकरं. भट्टी विझवायची वेळ झाली होती. वस्तादाने, म्हणजे मुख्य आचाऱ्याने, नुसतं 'चला' म्हटलं. मावशी पुन्हा बसल्या, मामांनी ताटं धुऊन धुऊन पुढे दिली, आणि शेठ गल्ला सोडून स्वतः वाढायला आले. तासाभरात सगळी जेवून उठली. "त्या दिवशी टीप बी न्हाई मिळाली," तो म्हणाला, "पण लई भारी वाटलं." आणि वाईट? गावाकडचा सोयरा जेवायला आला होता. त्याच्यासमोर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चुटकी वाजवून याला 'ए' म्हणून बोलावलं. सोयरा ताटात बघत राहिला. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. माझ्या प्रश्नावलीत 'ग्राहकांची वागणूक' असं एक घर होतं, त्यात त्याने पाच दिले होते.

वस्ताद माझ्याशी सगळ्यात उशिरा बोलले. मी त्यांना बढतीच्या संधीबद्दल विचारलं. त्यांना शब्द कळला नाही, मग मी म्हटलं, तुम्ही इथवर कसे आलात? आठव्या-नवव्या वर्षी कपबशा विसळायला लागले. तिथून फडक्यावर, फडक्यावरून पाण्यावर, मग ताटावर, मग भाजी चिरायला, मग भट्टीवर. प्रत्येक पायरीला दोन-तीन वर्षं. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत ठेवायला सरकारने 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी घातली, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. ते म्हणाले, हात पाण्याने कुजायचे, पण वस्ताद होता येईल हे डोळ्यांपुढे होतं. आता मोठी पोरं येतात, आठ दिवसांत पुण्याला जातात. ती बंदी पूर्ण बरोबर आहे असं मला वाटतं. पण वस्तादांची ती शिडी लहान मुलांच्या हातांवर उभी होती, आणि ती गेल्यावर मोठ्या माणसांसाठी शिकायची दुसरी वाट कुणी केली नाही, हेही मला तिथे बसून पहिल्यांदा दिसलं.

त्यांच्याचकडून मला खिळ्याची गोष्ट कळली. भट्टीशेजारच्या फळीतून एक लांब खिळा वर काढलेला होता आणि त्यात ऑर्डरच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. मला वाटलं, हिशेबासाठी. वस्ताद म्हणाले, आधी वेटर आत येऊन ओरडून सांगायचे. तीन तीन पोरं एकदम ओरडणार, आणि कालचं पोरगं वीस वर्षं भट्टीवर असलेल्या माणसाला 'लवकर करा' म्हणणार. मग शिव्या, मग झारा आपटणं. एका वेटरने रडत काम सोडलं. त्यानंतर शेठनी चिठ्ठ्या सुरू केल्या. "चिठ्ठी बोलत न्हाई. मी माझ्या हिशोबानं उचलतो." पुढे वाचताना मला विल्यम फूट व्हाइट भेटला. या समाजशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात शिकागोच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता, पुस्तक 1948 चं. तिथेही भांडणाचं मूळ हेच. कमी मानाच्या वेट्रेसने जास्त मानाच्या स्वयंपाक्याला काम सांगायचं. आणि तिथेही उपाय हाच, ऑर्डरच्या चिठ्ठ्या टोचायचा खिळा. त्या पानावर मी कितीतरी वेळ थांबले. नंतर वारंगा फाट्याच्या आणि औंढ्याच्या हॉटेलांत गेले तेव्हा आत शिरताना आधी खिळा शोधायचे. जिथे ओरडा होता तिथल्या पोरांना वस्तादांबद्दल विचारलं की ती आधी मागे वळून बघायची.

औंढ्याला अजून एक कळलं. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि दसऱ्याला हिंगोलीत रामलीला मैदानाची गर्दी. सगळ्यांचा सण म्हणजे यांचं दुप्पट काम. कळमनुरीकडचा एक जण म्हणाला की सहा वर्षांत पोळ्याला घरी गेलेला नाही, घरचे बैल आता त्याला ओळखत नाहीत. का जात नाहीस विचारलं तर म्हणाला, उचल हाय. बहिणीच्या लग्नाला शेठकडून आगाऊ पैसे घेतलेत, ते फिटेपर्यंत खाडा मागायची जीभ होत नाही. शेठ वाईट माणूस नव्हता, अडचणीला तोच उभा राहिला होता. पण 'नोकरी सोडण्याचा विचार आहे का' या प्रश्नाला त्या पोराने 'नाही' लिहिलं होतं, आणि मी ते उत्तर समाधानाच्या बाजूला मोजलं होतं. परत जाऊन ती बेरीज बदलली. उचल असलेल्या प्रत्येकाची बदलावी लागली.

जूनमध्ये मी जे लिहिलं त्यात पगाराचा तक्ता आहेच. रोज कमी आहे आणि तो वाढला पाहिजे, हे मी कुठलेही आढेवेढे न घेता लिहिलं. पण पन्नास जणांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा आलं ते वेळेबद्दल होतं. आज किती वाजता सुटणार हे माहीत नसणं. जेवायला कधी बसणार, पैसे कोणत्या तारखेला हातात येणार, पोळ्याला घरी जाता येणार की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून कळणं. रोज जवळपास तेवढाच, पण ज्या दोन ठिकाणी आठवड्याचा वार बांधून दिला होता, तिथली माणसं जुनी होती आणि वेगळी बोलत होती.

शेवटचा प्रश्न मला वस्तादांनी दिला. माझे वीस मुद्दे ऐकून ते म्हणाले, "एवढं कशाला? धाकट्या भावाला हितं लावशील का, इचार. समदं कळतंय." मी तेच विचारायला लागले. मघाशी पाच पाच देणारी माणसं या प्रश्नाला थांबायची. काही हसायची. त्या बसची गोष्ट सांगणारा वेटर म्हणाला, "वस्तादाच्या हाताखाली मिळत असंल तर लावीन. फडक्यावर न्हाई."

मावशींना भाऊ नव्हता, म्हणून मी विचारलं, "मुलीला बसवाल का भाकरीवर?" त्यांनी काटवटीतला गोळा पुढे ओढला, थापायला लागल्या. भाकरी पुरी झाली, तव्यावर गेली, वर पाणी फिरलं.

"तिला भाकरी येतच न्हाई माय," त्या म्हणाल्या. "मी येऊच दिली न्हाई."